मुंबई ते मालवण: समुद्राच्या प्रदूषणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा किनारा, तिथल्या खाड्या आणि त्यातली मासळी यांच्याबद्दल लोक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. मासळी बाजारात विचारतात, शाळेत विचारतात, चौपाटीवर कचरा उचलताना विचारतात. त्यांची उत्तरं इथे जमेल तितकी सविस्तर दिली आहेत.

समुद्र एवढा अथांग आहे. आपल्या गटारांनी त्याला खरंच काही होतं का?

होतं, कारण समुद्रातलं जीवन सगळीकडे सारखं पसरलेलं नाही. भर समुद्रातलं निळंशार पाणी दिसायला सुंदर असलं तरी त्यात अन्न फार कमी असतं. नदीने आणलेला गाळ, उथळ पाण्यात तळापर्यंत पोचणारा प्रकाश आणि रोज दोनदा होणारी भरती-ओहोटी यांमुळे सगळी समृद्धी किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात आणि खाड्यांच्या मुखाशी एकवटते. कोळंबी अंडी समुद्रात घालते, पण तिची पिल्लं वाढायला खाडीत येतात. बोय तसाच. जिताड्याचं बालपणही खाडीत आणि खाजणातच जातं.

आपली गटारं, नाले आणि कारखान्यांचे पाइप नेमके याच पट्ट्यात उघडतात. समुद्राचं आकारमान इथे कामी येत नाही, कारण घाण त्याच्या सर्वांत जिवंत भागात सोडली जाते. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका गोष्टीपाशी येऊन पोचतात.

खाडीतला चिखल पाहिला की किळस येते. त्याचा उपयोग काय?

तोच तर कारखाना आहे. तिवर, चिप्पी, कांदळ या झाडांची पानं चिखलात पडतात, जिवाणू आणि बुरशी ती कुजवतात, खेकडे त्यांचे तुकडे करतात. त्या चुऱ्यावर जवळा, कोळंबीची पिल्लं, शिंपल्या, कृमी जगतात आणि त्यांच्यावर निवट्या, चिंबोऱ्या, लहान मासे आणि पक्षी. निरोगी चिखलाला कुजल्याचा थोडा वास असतोच, तो दुर्गंध मानायचं कारण नाही. त्यावर खेकड्यांची बिळं आणि निवट्यांच्या उड्या दिसत असतील तर खाडी ठीक आहे. बिळं नाहीत, वर काळसर साय आहे आणि नाकात सडक्या अंड्यासारखा वास भरतो, तर खाली ऑक्सिजन संपलेला आहे. इतकी परीक्षा कोणालाही किनाऱ्यावर उभं राहून करता येते.

या झाडांच्या वनाला, म्हणजे कांदळवनाला, कायद्याचं संरक्षण आहे. महाराष्ट्राने २०१२ साली त्यासाठी वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यावर राज्यभर बंदी घातली आणि २०२० साली पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवृक्ष झाली. पण झाड उभं आहे आणि मुळाशी राडारोडा टाकून भरतीचं पाणी अडवलं आहे, असं झालं तर ते झाड हळूहळू वाळतं. कुऱ्हाड न लावता कांदळवन मारण्याची ही पद्धत फार ठिकाणी दिसते आणि तिच्यावर सर्वांत कमी कारवाई होते.

समुद्रात सगळ्यात जास्त घाण कुठून येते? जहाजांतून?

जमिनीवरून. जहाजाचा अपघात झाला की बातमी होते, म्हणून तो डोळ्यांसमोर राहतो. सांडपाणी मात्र रोज चोवीस तास वाहतं. मुंबई एकटी दिवसाला दोन हजार दशलक्ष लिटरहून जास्त सांडपाणी तयार करते. त्यातलं काही वाहिन्यांतून प्रक्रिया केंद्रांवर जातं, बरंचसं मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्यांतून आणि नाल्यांतून थेट खाडीला मिळतं. मिठी विहार-पवईच्या तलावांकडून निघते आणि जेमतेम अठरा किलोमीटर वाहून माहीमला समुद्राला मिळते. तेवढ्या अंतरात तिची काय अवस्था होते, हे माहीमच्या कोळीवाड्यातल्या कोणालाही विचारावं.

कोकणातल्या लहान शहरांची गोष्ट याहून वेगळी नाही, फक्त आकडे लहान आहेत. पर्यटन वाढलेल्या किनाऱ्यांवर नवी हॉटेलं आणि होमस्टे उभी राहिली, पण सांडपाण्याची सोय त्या वेगाने झाली नाही. शोषखड्डा वाळूत खणला की त्यातलं पाणी शेवटी विहिरीत आणि समुद्रातच जातं.

मुंबईत प्रक्रिया केंद्रं आहेत ना? मग अडचण काय?

केंद्रं आहेत, पण वर्षानुवर्षं त्यांपैकी काही ठिकाणी फक्त प्राथमिक काम होत आलं आहे. जाळीने मोठा कचरा गाळायचा, वाळू-खडे खाली बसू द्यायचे आणि उरलेलं पाणी पुढे सोडायचं. वरळी आणि वांद्रे इथून समुद्राखालून तीन किलोमीटरहून लांब बोगदे काढून हे पाणी आत नेलं जातं. विचार असा की खोल पाण्यात ते विरळ होईल आणि खारट पाण्यात, उन्हात रोगजंतू मरतील. रोगजंतूंपुरता त्यात अर्थ आहे. नायट्रोजन, फॉस्फरस, औषधांचे अंश आणि प्लास्टिकचे धागे मात्र विरळ होऊन नाहीसे होत नाहीत.

आता वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथे सात नवी केंद्रं होत आहेत. त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे २,४६४ दशलक्ष लिटर आहे आणि भूमिपूजन जानेवारी २०२३मध्ये झालं. हे काम खूप आधी व्हायला हवं होतं. ती पूर्ण झाली तरी जी वस्ती मलवाहिनीला जोडलेलीच नाही, तिचं पाणी नाल्यातूनच जाणार. म्हणून केंद्राच्या क्षमतेइतकाच ‘किती घरं जोडली’ हा आकडा महत्त्वाचा आहे. नगरसेवकाला प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारावा.

सांडपाणी म्हणजे शेवटी खतच. त्याने मासे वाढायला नकोत का?

थोडं असेल तर वाढतातही. खाडीला खत लागतं, ते नद्या पिढ्यान्‌पिढ्या आणत आल्या आहेत. बिघडतं ते प्रमाण. खत जास्त झालं की सूक्ष्म शेवाळ भसाभसा वाढतं, मरतं आणि तळाशी जातं. ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. शिवाय मैल्यातले सेंद्रिय पदार्थ कुजायलाही ऑक्सिजनच लागतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन मुळात काही मिलिग्रॅमच असतो आणि पाणी तापलं की तो आणखी घटतो. आंघोळीला योग्य अशा समुद्राच्या पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. शहरातल्या खाड्यांत ओहोटीच्या वेळी, विशेषतः उन्हाळ्यात, तो त्याहून खूप खाली जातो. पोहू शकणारा मासा निघून जातो. शिंपली, कृमी, नुकतं चिकटलेलं कालव जाऊ शकत नाही, ते तिथेच मरतं.

अरबी समुद्राच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. या समुद्रात साधारण दोनशे ते हजार मीटर खोलीवर निसर्गतःच ऑक्सिजन फार कमी असलेला जाड थर आहे, जगातल्या मोठ्या थरांपैकी एक. पावसाळ्यात आणि त्यानंतर भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी उथळ भागात चढून येतं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवलं की किनाऱ्यालगतची ही ऑक्सिजनची टंचाई तीव्र होते आहे आणि जमिनीवरून येणारी खतं हे त्याचं संभाव्य कारण आहे. म्हणजे ज्या समुद्राकडे ऑक्सिजनची शिल्लक मुळात कमी, त्यातच आपण तो संपवणारी घाण ओततो.

खाडीत अचानक मेलेले मासे तरंगतात. ते यामुळेच का?

कधी यामुळे, कधी कारखान्यांच्या रसायनांमुळे, पुष्कळदा दोन्हींमुळे. तारापूर, लोटे-परशुराम, महाड, रोहा, पाताळगंगा, तळोजे, अंबरनाथ, डोंबिवली या औद्योगिक वसाहती कुठल्या ना कुठल्या नदीच्या किंवा खाडीच्या काठी आहेत. प्रत्येक वसाहतीचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून जावं अशी व्यवस्था असते. केंद्राच्या क्षमतेपेक्षा जास्त पाणी आलं, किंवा कोणी प्रक्रिया टाळून रात्री टँकर रिकामा केला, की ते खाडीत येतं. पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्याच्या आडोशाने साठवलेलं रसायन सोडून दिलं जातं, हा मच्छीमारांचा जुना आरोप आहे. मेलेले मासे बहुतेकदा त्याच दिवसांत दिसतात, म्हणून तो गंभीरपणे घ्यायला हवा.

तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली आणि लवादाने तिथल्या अनेक उद्योगांना भरपाई ठोठावली. किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार समाजाने कागदपत्रं जमवून, वर्षानुवर्षं तारखांना उभं राहून हे केलं, याची राज्यात व्हावी तेवढी दखल घेतली गेली नाही.

ठाणे खाडीत फ्लेमिंगो इतके वाढले. मग खाडी सुधारली असंच ना?

नाही. हा समज खूप पसरला आहे म्हणून थोडं थांबून सांगावं लागेल. लहान फ्लेमिंगो निळं-हिरवं शेवाळ आणि चिखलावरचे सूक्ष्म जीव गाळून खातो. खाडीत सांडपाण्यातून येणाऱ्या खतामुळे हे शेवाळ वाढलं आणि पक्ष्यांना अन्न मिळालं, असं अनेक अभ्यासक मानतात. १९९०च्या दशकापासून शिवडीच्या दलदलीत ते मोठ्या संख्येने दिसू लागले. त्याच काळात खाडीतल्या मासळीचं काय झालं, हे विटावा, ऐरोली, भांडुपकडच्या जुन्या मच्छीमारांना माहीत आहे. एक पक्षी सुखात आहे, यावरून सगळी परिसंस्था सुखात आहे असं ठरत नाही.

तरीही या पक्ष्यांचे उपकार आहेत. त्यांच्यामुळे २०१५ साली खाडीत अभयारण्य झालं आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. गुलाबी पक्षी नसते तर या चिखलासाठी इतकं कोण भांडलं असतं?

रात्री लाटा निळ्या चमकतात. हे प्रदूषण आहे का?

ही चमक नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशी जीवाची असते. पाणी हललं की तो प्रकाश सोडतो. कोकणात हिवाळ्याच्या सुमारास ती दिसते आणि जुन्या मच्छीमारांना ती ओळखीची आहे, म्हणून चमक दिसली की लगेच प्रदूषण असं म्हणू नये. चिंता आहे ती उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पसरणाऱ्या हिरव्या नॉक्टिल्युकाची. कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तो तग धरतो आणि पूर्वी तिथे असलेल्या वनस्पती-प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, मागे सारतो, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. त्याला खाणारे प्राणी म्हणजे मुख्यतः जेलीफिश आणि त्यांच्यासारखे पारदर्शक जीव. मासळीच्या साखळीत त्यातलं फारसं काही पोचत नाही.

पावसाळ्यात उधाणाला समुद्र प्लास्टिक परत फेकतो. ते कुठून आलेलं असतं?

बहुतेक इथलंच. नाल्यातून गेलेलं, भरती-ओहोटीबरोबर खाडीच्या तोंडाशी मागेपुढे होत राहिलेलं. नैऋत्य वारा सुटला आणि अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आलं की ते किनाऱ्यावर येतं. दादर, माहीम, वर्सोव्याच्या वाळूवर त्या दिवसांत उभं राहिलं की पिशव्या, चपला, बाटल्यांची झाकणं, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे दिसतात.

याची सर्वांत मोठी झळ डोल जाळ्यांना बसते. डोल एका जागी बांधून ठेवलेली असते आणि पाण्याच्या ओढीने जे येईल ते तिच्या खोळात शिरतं. बोंबील, जवळा, करंदी यांच्याबरोबर प्लास्टिकही शिरतं. मग जाळं फाटतं, खेचायला जास्त माणसं लागतात, निवडण्यात तास जातात. या वेळेचे पैसे कोळी बाईला कोणी देत नाही.

उन्हाने आणि लाटांनी प्लास्टिकचे तुकडे होत होत ते पाच मिलिमीटरहून लहान झाले की त्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. कपडे धुताना सुटणारे कृत्रिम धागेही त्यातच येतात. प्लवकापासून माशापर्यंत सगळ्यांच्या पोटात ते सापडतं. ते पाण्यातून परत काढण्याचा व्यवहार्य उपाय आज नाही, म्हणून ते जाऊ न देणं एवढंच हातात राहतं. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २०१८पासून आहे आणि देशभरात एकदा वापरून फेकायच्या ठरावीक वस्तूंवर १ जुलै २०२२पासून बंदी आहे. बाजारात गेल्यावर तिची अंमलबजावणी किती आहे ते दिसतंच.

मग मासे खावेत की नाही?

खावेत. माशांतलं पोषण मोठं आहे आणि भीतीपोटी मासे सोडले तर पहिला फटका बसतो लहान मच्छीमाराला. पण काही गोष्टी जाणून निवड करावी.

पारा आणि त्यासारखे जड धातू चिखलातून सूक्ष्म जीवांत, त्यांच्यातून माशात आणि लहान माशांतून मोठ्या माशात साठत जातात. जपानच्या मिनामाता इथे कारखान्याच्या पाऱ्याने हजारो माणसांना मज्जासंस्थेचे आजार झाले, ते १९५६ साली उघडकीस आलं. तिथेही पारा माशांतूनच माणसांत गेला होता. जितका मासा मोठा, दीर्घायुषी आणि शिकारी, तितका साठा जास्त. मोठी मुशी, तळवार मासा, मोठा कुपा हे गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी टाळलेले बरे. तारली, मांदेली, बांगडा, बोंबील हे लहान आणि अल्पायुषी मासे त्या मानाने निर्धास्त.

शिंपल्या, कालवं आणि खुबे यांच्याबाबत जास्त जपावं. ती पाणी गाळून जगतात, म्हणून पाण्यात जे असेल ते त्यांच्यात येतं. नाल्याच्या तोंडाजवळची घेऊ नयेत. चांगली शिजवल्यावर जंतू मरतात, धातू जात नाहीत.

तेलगळतीनंतर किती दिवसांत समुद्र पूर्ववत होतो?

वरचं पाणी लवकर, चिखल फार उशिरा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे आठशे टन तेल सांडलं, शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि त्यांतल्या काहींत कीटकनाशकं होती. मासेमारी थांबली, मासळीला गिऱ्हाईक मिळेना. तेलातला हलका भाग काही दिवसांत उडून गेला, जड भाग घारापुरी, उरण, अलिबागच्या बाजूला कांदळवनांत शिरला. तिवराची श्वसनमुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, झाड त्यांतून हवा घेतं. त्यांच्यावर तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं. आणि चिखलाच्या खोल थरांत ऑक्सिजन नसल्यामुळे तिथे मुरलेलं तेल वर्षानुवर्षं कुजत नाही.

वर्षभराने, ऑगस्ट २०११मध्ये, साठ हजार टनांच्या वर कोळसा घेऊन निघालेलं ‘रॅक कॅरियर’ मुंबईसमोर बुडालं. त्या प्रकरणी २०१६ साली हरित लवादाने शंभर कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. मे २०२५मध्ये केरळसमोर ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं तेव्हा प्लास्टिकचे कच्चे दाणे तिथल्या किनाऱ्यांवर पसरले. तेल दिसतं तरी, हे पांढरे दाणे वाळूत मिसळले की वेचणंही अशक्य होतं.

गोव्यात, कोकणात पायाला चिकटणारे काळे डांबराचे गोळे कसले?

समुद्रात पडलेलं जड तेल हवा-पाण्याने घट्ट होऊन झालेले. साधारण मेपासून सप्टेंबरपर्यंत वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या दिशेमुळे ते किनाऱ्याला लागतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांची रासायनिक ओळख ताडून पाहिली, तेव्हा मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या बाजूचं तेल आणि टँकरमधून सुटलेलं तेल असे दोन्ही स्रोत समोर आले. पायाला लागलं तर खोबरेल चोळून पुसावं, पेट्रोल-रॉकेल वापरू नये.

कासवांना नेमका धोका कशाचा?

मासेमारीच्या जाळ्यांचा, वापरात असलेल्या आणि टाकून दिलेल्याही. नायलॉनचं जाळं तुटून समुद्रात राहिलं की ते कुजत नाही आणि वर्षानुवर्षं मासे, कासवं, डॉल्फिन अडकवत राहतं. त्याशिवाय तरंगती पिशवी जेलीफिशसारखी दिसते आणि कासव ती गिळतं. पावसाळ्यात पालघरपासून खालपर्यंत जखमी ऑलिव्ह रिडले कासवं किनाऱ्याला लागतात, त्यांच्या वल्ह्यांना जाळ्याचे काच पडलेले असतात.

इथे आशेला जागा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ सालापासून गावकऱ्यांनी कासवांची घरटी राखली आणि ते काम कोकणभर पसरलं. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला सरकारकडून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. २०१८पासूनची ही योजना माझ्या मते राज्यातल्या सर्वांत शहाण्या योजनांपैकी एक आहे, कारण ती मच्छीमाराला गुन्हेगार न ठरवता सोबत घेते. ज्यांना माहीत नसेल त्यांनी आपल्या बंदरातल्या नाखवांना जरूर सांगावी.

महाराष्ट्रात प्रवाळ आहेत?

आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, मालवणच्या १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्यात, आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत पाण्याखाली असलेल्या आंग्रिया बँक या उंचवट्यावर. मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरही होते. सागरी किनारा मार्गाच्या (कोस्टल रोडच्या) कामात २०२०मध्ये त्यांतल्या काही वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या. मालवणच्या प्रवाळांना तापणारं पाणी, गाळ, नांगर आणि पर्यटकांचे पाय अशा सगळ्यांनी एकाच वेळी त्रास होतो. तिथे बुडी मारायला जाल तेव्हा प्रवाळावर उभं राहू नका, गाइड सांगत असला तरी.

मासे कमी झाले ते प्रदूषणामुळे की जास्त मासेमारीमुळे?

दोन्हींमुळे. कारखानदार ट्रॉलरकडे बोट दाखवतात, ट्रॉलरवाले कारखान्यांकडे. बारीक आसाची जाळी, माशांच्या थव्याला वेढा घालणारं पर्ससीन जाळं आणि बंदी असूनही चालणारी, प्रखर एलईडी दिव्यांनी मासे ओढणारी मासेमारी यांनी अंडी घालणारा मासा मारला जातो. प्रदूषणाने त्याच्या पिल्लांची जागा मारली जाते. पापलेटला २०२३मध्ये राज्यमासा घोषित केलं, पण तळहाताएवढी पापलेटची पिल्लं आजही बाजारात विकली जातात. ती घेऊ नयेत. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी पाळली जाते, तेवढ्यात समुद्राला जरा उसंत मिळते.

किनारा सफाईने काही होतं, की फक्त फोटो निघतात?

होतं, सातत्य असेल तर. वर्सोव्याला २०१५पासून वकील अफरोज शाह यांच्या पुढाकाराने सुरू झालेली सफाई याचं उदाहरण आहे. दोन सूचना. यंत्राने वाळू खरवडू नका, त्यात खेकडे आणि कासवांची घरटी असतात. आणि गोळा केलेला कचरा कशाचा आहे, कुठल्या नाल्याजवळ सापडला, याची नोंद ठेवा. नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवण्याची मागणी करताना ती नोंद उपयोगी पडते.

काही दिसलं तर तक्रार कुठे करायची?

समुद्रात तेल दिसलं, जहाज संशयास्पद काही सोडत असेल, तर तटरक्षक दल: १५५४. कांदळवनात भराव, तोड किंवा जखमी कासव दिसलं तर वन विभागाची हेल्पलाइन: १९२६. रसायनाचं पाणी किंवा मेलेले मासे दिसले तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जिल्ह्यातलं कार्यालय, आणि सोबत तहसीलदारांना लेखी प्रत. वेळ, भरती होती की ओहोटी, पाण्याचा रंग आणि वास लिहा, ठिकाणाचा नकाशावरचा बिंदू द्या, फोटो काढा. अधिकारी पोचेपर्यंत पाणी बदललेलं असतं, तेव्हा पंचनाम्यात तुमची ही टिपणंच धरली जातात. पंचनाम्याची प्रत मागून घ्या.